जुन्या गेमचे नवे रूप : ‘क्रिकेट ०७’ आणि चाहत्यांनी केलेले दृश्य-नूतनीकरण

प्रस्तावना

संगणकावरचा एखादा खेळ बाजारात येतो, दोन-चार वर्षे खपतो आणि पुढच्या खेळांच्या गर्दीत मागे पडतो, हा या व्यवसायाचा नेहमीचा क्रम आहे. काही खेळांच्या बाबतीत मात्र निर्मात्यांनी हात काढून घेतल्यानंतरही खेळणाऱ्यांनी ते सोडलेले नसतात. उलट त्यातील चेहरे, पोशाख, मैदाने, फलक आणि प्रकाश स्वतः बदलून ते त्या जुन्या खेळाला चालू काळात ओढून आणतात. या उद्योगाला ‘मॉडिंग’ म्हणतात आणि त्यातून तयार होणाऱ्या फाइलींच्या संचाला ‘मॉड’. भारतात क्रिकेटचे गेम खेळणाऱ्यांमध्ये ‘पॅच’ हे नाव अधिक रूढ आहे. मुळात पॅच म्हणजे निर्मात्याने चूक दुरुस्त करण्यासाठी दिलेली फाइल, पण येथे चाहत्यांनी घातलेली भरही त्याच नावाने ओळखली जाते. प्रस्तुत विवेचनाचा विषय हे पॅच, आणि त्यातही त्यांचा दृश्य भाग, हा आहे. त्यासाठी निवडलेले उदाहरण म्हणजे ‘ईए स्पोर्ट्स क्रिकेट ०७’. महाराष्ट्राच्या तालुक्यांच्या गावांतील एका पिढीला संगणकावरचे क्रिकेट म्हटले की आजही हाच गेम आठवतो, आणि सांगली जिल्ह्यातील तासगाव, विटा, पलूस, कवठेमहांकाळ हा पट्टा त्याला अपवाद नाही.

‘क्रिकेट ०७’ नोव्हेंबर २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रकाशक इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही अमेरिकी कंपनी होती आणि प्रत्यक्ष बांधणी कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांताच्या लुनेनबर्ग या लहानशा बंदरगावातील एचबी स्टुडिओज या संस्थेने केली होती. विंडोज संगणक आणि सोनीचे प्लेस्टेशन २ या दोन यंत्रांवर तो चालत असे. त्याच हिवाळ्यात ऑस्ट्रेलियात ॲशेस मालिका व्हायची होती, म्हणून गेमची सारी मांडणी त्या मालिकेभोवती केलेली होती. इंग्लंडमधील वेष्टनावर अँड्र्यू फ्लिंटॉफ होता आणि समालोचनासाठी रिची बेनो व मार्क निकोलस यांचे आवाज वापरले होते. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने संगणकासाठी क्रिकेटचा यापुढचा गेम काढला नाही. एक मालिका संपली आणि तिचा शेवटचा भाग लाखो संगणकांवर तसाच राहिला, ही चाहत्यांच्या पॅचची पूर्वपीठिका होय.

या गेमची दुरुस्ती भारतात इतक्या लवकर आणि इतक्या हिरिरीने का सुरू झाली, याचे उत्तर दृश्य गुणवत्तेत शोधण्याआधी परवान्यांत शोधावे लागते. खेळाडूंची खरी नावे, संघांची बोधचिन्हे आणि अधिकृत पोशाख वापरण्यासाठी क्रिकेट मंडळांशी करार करावा लागतो. असा करार ऑस्ट्रेलिया व इंग्लंड यांच्यापुरता झाला होता. परिणामी त्या दोन संघांना त्यांची खरी नावे आणि खरे पोशाख मिळाले, तर भारतासह इतर संघांच्या वाट्याला अक्षरे इकडेतिकडे केलेली नावे, साधारण चेहरे आणि अंदाजाने रंगवलेले सदरे आले. ज्या देशात क्रिकेट सर्वाधिक पाहिले जाते, त्याच देशाचा संघ गेममध्ये टोपणनावाने खेळत होता. म्हणून भारतीय चाहत्यांनी हाती घेतलेले पहिले काम चित्र अधिक देखणे करण्याचे नव्हते. खेळाडूंची नावे, कौशल्यांचे आकडे आणि संघरचना ज्या फाइलीत साठवलेली असते तिला ‘रोस्टर’ म्हणतात. ती रोस्टर दुरुस्त करून खरी नावे भरणे आणि त्या नावांना शोभणारा चेहरा व सदरा देणे, हे ते काम होते. दृश्य-नूतनीकरणाकडे केवळ सजावट म्हणून पाहणाऱ्यांच्या नजरेतून ही बाब सुटते. येथे चित्र सुधारण्याची गरज ओळख दुरुस्त करण्याच्या गरजेतून जन्माला आली.

पुढची गरज काळाने निर्माण केली. गेम प्रसिद्ध झाल्यावर वर्षभराच्या आत, सप्टेंबर २००७ मध्ये, भारताने पहिला टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला आणि १८ एप्रिल २००८ रोजी इंडियन प्रीमियर लीगचा पहिला सामना झाला. गेममध्ये वीस षटकांचा प्रकार होता, पण आयपीएल असणे शक्यच नव्हते. आठ नवे संघ, त्यांचे भडक रंग, सदऱ्यांवर जागोजागी छापलेली प्रायोजकांची नावे आणि दूरचित्रवाणीच्या पडद्यावर खाली सरकणारी धावफलकाची पट्टी, हे सारे चाहत्यांनाच घडवावे लागले. पुढे २०२२ पासून संघांची संख्या दहा झाली, तेव्हा पॅचही वाढले. भारतीय संघाच्या सदऱ्याचा इतिहास पाहिला तरी या कामाला अंत का नाही ते कळते. गेम आला तेव्हा त्या सदऱ्यावर सहारा हे नाव होते. २०१४ मध्ये तेथे स्टार आले, २०१७ मध्ये ओप्पो, २०१९ मध्ये बायजूज, २०२३ मध्ये ड्रीम इलेव्हन आणि २०२५ मध्ये अपोलो टायर्स. दरवेळी निळ्या रंगाची छटा, गळपट्टीचा आकार आणि बाह्यांवरच्या पट्ट्याही बदलल्या. मैदानांचेही तसेच आहे : २०११ च्या विश्वचषकासाठी मुंबईचे वानखेडे स्टेडियम नव्या छतासह उभे राहिले, नागपूरजवळ जामठ्याला २००८ मध्ये आणि पुण्याजवळ गहुंजे येथे २०१२ मध्ये नवी मैदाने सुरू झाली. २००६ च्या तबकडीत यांपैकी काहीच नव्हते. ए-टू स्टुडिओजसारखे चाहत्यांचे गट दर हंगामाला पॅच काढू लागले ते या पार्श्वभूमीवर.

तासगावसारख्या गावात हा गेम टिकण्यामागे आणखी एक कारण होते आणि ते पूर्णपणे व्यावहारिक होते. २००१ मध्ये सुरू झालेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे संगणक संस्था तालुक्याच्या गावांत पोचल्या, हळूहळू घरांतही संगणक आले. पण त्या संगणकांत चित्रांसाठी वेगळे कार्ड क्वचितच असे, मूळच्या मदरबोर्डवर जे काही दृश्यसामर्थ्य असेल त्यावर भागवावे लागे. त्या दशकात ग्रामीण भागातील भारनियमन रोजचेच होते आणि इंटरनेटचा वेग इतका कमी होता की मोठी फाइल उतरवून घेणे हे रात्रभराचे काम ठरे. अशा परिस्थितीत जो गेम साध्या संगणकावर चालतो, वीज गेल्यावर पुन्हा पहिल्यापासून उतरवावा लागत नाही आणि ज्याचा नवा पॅच पेनड्राइव्हवरून एका घरातून दुसऱ्या घरात जाऊ शकतो, तोच तग धरतो. नवे क्रिकेट गेम आले नाहीत असे नाही; कोडमास्टर्सचा ‘ॲशेस क्रिकेट २००९’ आला, बिग अँट स्टुडिओजचा ‘डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४’ आला आणि त्यानंतर त्याच संस्थेने अनेक गेम काढले. परंतु प्रत्येक नव्या गेमने अधिक ताकदीचा संगणक मागितला, तर जुन्या गेमच्या पॅचने फक्त हार्ड डिस्कवर थोडी मोकळी जागा मागितली. स्वस्तात मिळणारे नवेपण हे या पॅचचे सामर्थ्य होते.

हे नवेपण प्रत्यक्षात कसे आणले जाते, ते समजून घेण्यासाठी गेमची अंतर्गत रचना थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. पडद्यावर दिसणारा फलंदाज दोन गोष्टींचा बनलेला असतो. पहिली म्हणजे ‘मॉडेल’, अर्थात छोट्या त्रिकोणांनी बांधलेली पोकळ आकृती. दुसरी म्हणजे ‘टेक्श्चर’, अर्थात त्या आकृतीवर चढवलेले सपाट चित्र. शिंप्याने बेतलेल्या कापडाप्रमाणे हे चित्र उलगडलेले असते : पुढचा भाग एका बाजूला, पाठ दुसऱ्या बाजूला, बाह्या कोपऱ्यात; आणि चित्रातील कोणता बिंदू आकृतीच्या कोणत्या भागावर बसेल हे आधीच ठरलेले असते. ‘क्रिकेट ०७’ मध्ये टेक्श्चर ‘एफएसएच’ या प्रकारच्या फाइलींत असतात आणि अशा अनेक फाइली ‘बिग’ नावाच्या एका मोठ्या गाठोड्यात बांधलेल्या असतात. चाहत्यांनी ते गाठोडे सोडणारी, त्यातील चित्र बाहेर काढणारी आणि बदललेले चित्र पुन्हा आत ठेवणारी लहान-लहान साधने वापरात आणली. निर्मात्याने गेमची मूळ आज्ञावली, म्हणजे सोर्स कोड, कधीच खुली केलेली नाही; त्यामुळे चाहत्याला खेळाच्या नियमांपर्यंत पोचता येत नाही, पण खेळाच्या अंगावरचे कपडे मात्र बदलता येतात. दृश्य पॅचची विपुलता आणि खेळातील मूलभूत सुधारणांची दुर्मीळता यांचे कारण येथे आहे.

टेक्श्चर बदलणे म्हणजे मोठे, स्पष्ट चित्र टाकणे, असा समज नवख्या माणसाचा असतो. त्या समजाची किंमत आकड्यांत मोजता येते. २५६ बाय २५६ बिंदूंच्या चित्रात ६५,५३६ बिंदू असतात, तर १०२४ बाय १०२४ च्या चित्रात १०,४८,५७६, म्हणजे सोळापट. एका बिंदूला चार बाइट धरल्यास पहिल्या चित्राला पाव एमबी आणि दुसऱ्याला चार एमबी स्मृती लागते. मैदानावर एका वेळी अकरा क्षेत्ररक्षक व दोन फलंदाज असे तेरा खेळाडू असतात. त्यांच्या केवळ चेहऱ्यांसाठी मोठी चित्रे वापरली तर बावन्न एमबी खर्ची पडतात, आणि पंच, सदरे, बॅटी, गवत, प्रेक्षक यांचा हिशेब अजून झालेलाच नसतो. ज्या काळात घरगुती संगणकात चित्रांसाठी ६४ किंवा १२८ एमबी बाजूला ठेवलेले असत, त्या काळात असा पॅच टाकल्यावर गेम अडखळणे किंवा बंद पडणे अटळ होते. म्हणूनच जाणकार चाहते ‘डीएक्सटी’ नावाची आवळण्याची पद्धत वापरत; तिच्या सर्वांत साध्या प्रकारात एका बिंदूला केवळ अर्धा बाइट लागतो आणि चार एमबीचे चित्र अर्ध्या एमबीत बसते. याशिवाय ‘मिपमॅप’ ही युक्ती आहे : एकाच चित्राच्या अर्धी, पाव, अष्टमांश अशा उतरत्या आकाराच्या प्रती सोबत ठेवायच्या, म्हणजे सीमारेषेवरच्या क्षेत्ररक्षकासाठी लहान प्रत वापरली जाते आणि दूरचे चित्र लुकलुकत नाही. यासाठी स्मृती सुमारे एक तृतीयांशाने वाढते, पण ज्याने मिपमॅप बनवले नाहीत त्याचे सुंदर गवत कॅमेरा फिरताच मुंग्या आल्यासारखे हलू लागते.

पडद्याच्या आकाराचा प्रश्न याहून वेगळा. २००६ च्या आसपासचे बहुतेक मॉनिटर चार-तीन प्रमाणाचे होते, उदाहरणार्थ १०२४ बाय ७६८; पुढे आलेल्या लॅपटॉपवर १३६६ बाय ७६८ हा रुंद पडदा सर्रास दिसू लागला. जुने चित्र त्या रुंदीवर ताणले की प्रत्येक गोष्ट आडवी सुमारे एक तृतीयांशाने फुगते, चेंडू लंबगोल होतो आणि सडपातळ गोलंदाजही आडव्या अंगाचा दिसतो. यावरचा उपाय टेक्श्चरमध्ये नाही. तो मुख्य आज्ञावलीत नोंदलेले प्रमाण बदलण्यात आहे, आणि ते करणाऱ्याला सोर्स कोड नसताना कच्च्या आकड्यांत नेमकी जागा हुडकावी लागते. प्रकाश बदलण्याची पद्धत आणखी निराळी आहे. गेम आणि विंडोजमधील चित्र काढणारी यंत्रणा यांच्या मध्ये एक छोटी फाइल बसवली जाते. ती तयार चित्र अडवून त्याचा रंग गडद करते, उजेडाभोवती प्रभा पसरवते, कडा धारदार करते आणि मग ते पडद्यावर सोडते. अशा फाइली मुळात ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ मालिकेसारख्या खेळांच्या चाहत्यांमध्ये लोकप्रिय झाल्या. त्यांचा परिणाम क्षणात डोळ्यांत भरतो, म्हणून त्यांचा मोह मोठा असतो आणि गैरवापरही.

या सर्व कामाला एक पक्की मर्यादा आहे. नवे मैदान हवे असेल तर ते बहुधा एखाद्या जुन्या मैदानाच्या जागी बसवावे लागते. नवा खेळाडू जुन्याच सांगाड्यावर आणि जुन्याच हालचालींवर उभा राहतो. आणि समालोचन २००६ मध्ये ध्वनिमुद्रित झाले तेवढेच राहते. रिची बेनो १० एप्रिल २०१५ रोजी निवर्तले, तरी २०२२ साली आयपीएलमध्ये उतरलेल्या संघाच्या सामन्यात पॅच केलेल्या गेममधून त्यांचाच आवाज ऐकू येतो आणि त्या संघाचे नाव त्याला ठाऊक नसते. तासगावच्या वाचकाला ही रचना समजावून द्यायची तर त्याच्या शिवारातील उदाहरण पुरेसे आहे. पाणी कमी आणि जमीन क्षारयुक्त असल्याने येथील बागायतदार डॉगरिज या जंगली जातीचा खुंट आधी लावतो आणि त्यावर हव्या त्या द्राक्षजातीचे कलम करतो. मुळे खुंटाची, घड कलमाचे. या तालुक्यातील बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेस या परदेशी वाणातून निवड करून ‘तास-ए-गणेश’ हा वाण दिला, तोही प्रयोगशाळेत नव्हे तर बागेत. पॅच करणारा नेमके हेच करतो : खुंट त्याच्या मालकीचा नसतो, त्याने घडवलेलाही नसतो, परंतु त्या खुंटाला किती आणि कोणते कलम पेलेल याची जाण ज्याला असते त्याचेच काम टिकते.

जगाच्या पातळीवर पाहिले तर ही परंपरा तीस वर्षांहून जुनी आहे. आयडी सॉफ्टवेअरच्या ‘डूम’ या १९९३ च्या गेममध्ये चित्रे व नकाशे मुख्य आज्ञावलीपासून वेगळ्या फाइलींत ठेवलेले होते. त्यामुळे कोणालाही स्वतःची चित्रे व नकाशे घालता आले आणि मॉडिंगला व्यापक रूप मिळाले. व्हॉल्व्ह कंपनीच्या ‘हाफ-लाइफ’ या १९९८ च्या गेमवर दोन चाहत्यांनी १९९९ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक’ हा मॉड रचला. कंपनीने तो विकत घेतला आणि पुढे तो मूळ गेमपेक्षाही अधिक खेळला गेला. त्याच ‘हाफ-लाइफ’चे संपूर्ण दृश्य नव्याने घडवणारा ‘ब्लॅक मेसा’ हा चाहत्यांचा प्रकल्प २०१२ मध्ये लोकांपुढे आला आणि कंपनीच्या संमतीने विक्रीस जाऊन २०२० मध्ये पूर्ण झाला. २०१८ मध्ये ‘ईएसआरगॅन’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेची पद्धत प्रसिद्ध झाली. धूसर लहान चित्र देऊन स्पष्ट मोठे चित्र मिळवण्याची सोय तिने करून दिली आणि जुन्या गेमच्या हजारो टेक्श्चरांचे नूतनीकरण एकट्या माणसाच्या आवाक्यात आले. ‘मॉरोविंड’ या २००२ च्या गेमची चित्रे २०१८ मध्येच अशा रीतीने वाढवण्यात आली.

या पद्धतीचा दोष समजून घेण्यासाठी २०२१ चे उदाहरण उपयोगी आहे. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ मालिकेतील तीन जुन्या गेमची नवी आवृत्ती रॉकस्टार कंपनीने नोव्हेंबर २०२१ मध्ये काढली. तिच्यातील दुकानांच्या पाट्यांवरील अक्षरे यंत्राने वाढवताना चुकली होती, पाऊस पडू लागला की समोरचे दिसेनासे होत होते, आणि मूळ गेममध्ये धुक्याआड लपलेले शहर आता टोकापासून टोकापर्यंत दिसू लागल्याने लहान वाटत होते. कंपनीने त्याच महिन्यात जाहीर दिलगिरी व्यक्त करून जुन्या आवृत्त्या पुन्हा विक्रीस ठेवल्या. विशेष हे की त्याच वर्षी, ही आवृत्ती येण्याआधी, त्या मालिकेचे चाहत्यांनी केलेले अनेक मॉड रॉकस्टारच्या पालक कंपनीच्या मागणीवरून हटवण्यात आले होते. यंत्राला पाटीचा अर्थ कळत नाही, त्याला केवळ कडा दिसतात. ती पाटी वर्षानुवर्षे वाचलेल्या चाहत्याला मात्र एका अक्षराची चूकही खटकते. दृश्य-नूतनीकरणात प्रेमाची जागा यंत्र घेऊ शकत नाही असे भावनेने म्हणण्याची गरज नाही. मूळ वस्तूची माहिती असणे हे या कामाचे पहिले तांत्रिक साधन आहे, एवढे म्हटले तरी पुरे.

यातून चांगल्या पॅचची कसोटी काढता येते. जुन्या गेममधील सर्व घटक एकमेकांशी जुळवून केलेले असतात : चेहऱ्यांची ठोकळेबाज घडण, गवताचा सपाट हिरवा रंग आणि प्रेक्षकांची पुसट गर्दी हे एकाच पातळीवरचे असतात, म्हणून डोळा त्यांना एकत्र स्वीकारतो. छायाचित्रावरून घेतलेला अतिस्पष्ट चेहरा त्या ठोकळ्यावर चढवला की मान आणि चेहरा दोन वेगळ्या माणसांचे वाटू लागतात. शिवाय छायाचित्रातील उजेड एका बाजूने आलेला असल्यास नाकाची सावली चित्रातच गोठते आणि खेळाडू कोठेही वळला तरी ती तेथेच राहते. रात्रीच्या सामन्यासाठी वेगळे गवत न रंगवता दिवसाचेच वापरले तर प्रकाशझोताखाली मैदान पिवळट जळल्यासारखे दिसते. खेळपट्टीचेही असेच आहे. पहिल्या दिवसाची ओलसर आणि पाचव्या दिवसाची भेगाळलेली खेळपट्टी यांतील फरक दाखवणारी चित्रे बदलताना तो फरकच पुसला गेला, तर दिसणे सुधारते आणि खेळ बिघडतो, कारण फलंदाज ज्या खुणा पाहून निर्णय घेतो त्याच नाहीशा होतात. सबब चांगला पॅच तो, जो गेमच्या सर्व अंगांना एका पातळीवर ठेवतो आणि खेळणाऱ्याला उपयोगी पडणारी कोणतीही खूण मिटवत नाही. नुसता लखलखाट हा या कसोटीवर गुण ठरत नाही.

पॅचचा प्रवाह केवळ भविष्याकडे वाहत नाही. चालू हंगामाचे संघ घालणाऱ्या पॅचच्या बरोबरीने गेलेल्या काळाचे संघ उभे करणारे पॅचही होतात. सचिन तेंडुलकर १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडेवर शेवटचा कसोटी सामना खेळून निवृत्त झाला, तरी त्याला गेममधून निवृत्त करायला अनेकांचे मन घेत नाही. सांगली जिल्ह्याच्या दृष्टीने येथे मोठा अवकाश रिकामा आहे. विजय हजारे यांचा जन्म १९१५ मध्ये सांगलीत झाला. १९४८ मध्ये ॲडलेडच्या कसोटीत दोन्ही डावांत शतके काढणारे ते पहिले भारतीय, आणि त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने १९५२ मध्ये मद्रासला पहिला कसोटी विजय मिळवला. त्यांच्या काळाचे पांढरे सुती सदरे, शिरस्त्राणाविना खेळणारे फलंदाज आणि जाहिरातींविना मोकळी सीमारेषा रंगवायला तांत्रिकदृष्ट्या सोपी आहे, कारण त्यात टेक्श्चर वाढवायचे नसून कमी करायचे आहे. दुसऱ्या टोकाला स्मृती मानधना आहे, जी सांगलीत वाढली आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत एकदिवसीय विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात होती. ‘क्रिकेट ०७’ मध्ये महिला क्रिकेट नाही. व्यावसायिक क्रिकेट गेममध्ये महिला संघ ठळकपणे आले ते २०१७ च्या ‘ॲशेस क्रिकेट’पासून. जुन्या गेममध्ये तिचा चेहरा आणि सदरा घालता येईल, परंतु सांगाडा व हालचाल पुरुष खेळाडूचीच राहील. चाहत्यांच्या नूतनीकरणाची सीमा इतक्या स्पष्टपणे दाखवणारे दुसरे उदाहरण नाही : जे मूळ रचनेत कल्पिलेलेच नव्हते, ते वरच्या रंगाने पूर्णपणे आणता येत नाही.

या कामाची कायदेशीर बाजू टाळून पुढे जाता येणार नाही. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ संगणकीय आज्ञावलीला साहित्यकृती मानतो. त्याच्या कलम ५२ मध्ये आज्ञावलीची प्रत कायदेशीररीत्या बाळगणाऱ्याला काही मुभा दिलेल्या आहेत. ज्या हेतूने ती घेतली त्या हेतूसाठी तिचे रूपांतर करणे आणि खासगी, बिगरव्यापारी उपयोगासाठी तिची प्रत करणे या मुभा त्यांत येतात. या मुभा स्वतःच्या वापरापुरत्या आहेत; संपूर्ण गेम पॅचसह एका गाठोड्यात बांधून सर्वांना वाटणे त्यांत बसत नाही. सदऱ्यावरील बोधचिन्ह, प्रायोजकाचे नाव आणि खेळाडूचा चेहरा यांचे हक्क आणखी वेगळ्या हातांत असतात, आणि पॅच फुकट दिला म्हणून ते हक्क संपत नाहीत. तालुक्याच्या गावांत हा गेम बहुतांशी नकली तबकड्यांवरून पसरला, हेही मान्य केले पाहिजे. ते मान्य केल्याने चाहत्यांच्या कलेचे मोल कमी होत नाही, पण जो पॅच केवळ बदललेल्या फाइली देतो आणि मूळ गेम ज्याचा त्याने आणावा असे सांगतो, तो नैतिकदृष्ट्या आणि कायदेशीरदृष्ट्याही अधिक सुरक्षित भूमीवर उभा असतो, हे स्पष्ट होते. अनोळखी जागेवरून घेतलेल्या चालत्या फाइलीतून व्हायरस शिरण्याचा धोकाही अशाच एकगठ्ठा संचांतून अधिक असतो.

शेवटचा प्रश्न जतनाचा आहे आणि प्रस्तुत विषयात तोच सर्वांत निकडीचा आहे. पॅच करणारे बहुतेकजण विद्यार्थिदशेत हे काम करतात. शिक्षण संपते, नोकरी लागते, संगणक बदलतो आणि मूळ चित्रांच्या फाइली जुन्या हार्ड डिस्कबरोबर जातात. एकाने रंगवलेला सदरा दुसरा उचलतो, तिसरा त्यावर आपले नाव घालतो, आणि काही वर्षांनी कोणते काम कोणाचे होते हे सांगणारा कोणी उरत नाही. एखादा सदरा कोणत्या मालिकेचा, चेहरा कोणत्या वर्षाचा, मैदान कोणाचे रूप बदलून केलेले, याची नोंद नसेल तर हा सारा ठेवा केवळ निनावी फाइलींचा ढीग ठरतो. वस्तुतः या पॅचमध्ये भारतीय क्रिकेटच्या दोन दशकांचा दृश्य इतिहास साठलेला आहे : प्रायोजक, रंग, मैदाने, धावफलक, आणि कोणाला कोणता खेळाडू संघात हवा होता याचे लोकमतही. अधिकृत संग्रहालये अजून या सामग्रीकडे वळलेली नाहीत, म्हणून ती सांभाळण्याची जबाबदारी करणाऱ्यांवरच येते.

त्यासाठी मोठी साधने लागत नाहीत. प्रत्येक पॅचसोबत एक साधी मजकूर-फाइल असावी आणि तिच्यात पॅच केल्याची तारीख, बदललेल्या फाइलींची यादी, मूळ फाइल परत बसवण्याची रीत, आणि ज्या ज्या चाहत्यांचे काम वापरले त्यांनी स्वतः घेतलेली नावे लिहावीत. चित्राची न आवळलेली मूळ प्रत वेगळी जपून ठेवावी. आणि ही नोंद मराठीतही करावी, म्हणजे तासगावच्या शाळेतील मुलालाही ती वाचून स्वतःचा पहिला सदरा रंगवता येईल. या विषयाकडे वळणाऱ्या प्रत्येक वाचकाला एवढीच विनंती आहे की, जुन्या गेमला नवा चेहरा देण्याआधी त्याने मूळ चेहऱ्याची प्रत राखून ठेवावी, आणि आपले काम दुसऱ्याच्या हाती देताना आधीच्याचे नाव पुसू नये.